भोवरे किनाऱ्याचा कार्बन कुठे नेतात?

कॅलिफोर्निया, पेरू-चिली, वायव्य आफ्रिका आणि नामिबिया-दक्षिण आफ्रिका या चार किनाऱ्यांलगतचे समुद्रपट्टे मिळून जगाच्या समुद्रक्षेत्राचा जेमतेम एक-दोन टक्के भाग व्यापतात. तरीही जगभर पकडल्या जाणाऱ्या समुद्री मासळीचा सुमारे पाचवा हिस्सा तिथून येतो. खालून वर येणाऱ्या थंड, पोषक पाण्याची ही किमया आहे. पण ते पाणी पोषकद्रव्यांबरोबर खोलवर साठलेला कार्बनही वर आणते. मग हे पट्टे हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात उतरवतात, की समुद्रातला हवेत सोडतात? या जुन्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत समुद्रातले भोवरे आले आहेत. कार्बन किनाऱ्यापाशी राहणार, शेकडो किलोमीटर दूर जाणार की खोल पाण्यात बुडणार, हे बऱ्याच अंशी भोवऱ्यांवर ठरते, एवढे आता सर्वमान्य आहे. त्यांचा निव्वळ परिणाम कोणत्या बाजूला झुकतो, यावर मात्र एकमत नाही. ही चर्चा आज कुठवर आली आहे, ते या लेखात पाहायचे आहे.

वाऱ्याने पाणी लोटले की

नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन १८९३ ते १८९६ च्या मोहिमेत ‘फ्राम’ जहाजातून आर्क्टिकच्या बर्फाबरोबर वाहत गेले. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता तिच्या काहीसा उजवीकडे सरकतो, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आले. त्याचे गणित स्वीडनच्या वाग्न वाल्फ्रिड एकमन यांनी १९०५ मध्ये मांडले. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे वरच्या थरातले पाणी, एकूण धरले तर, उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे लोटले जाते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला समांतर वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो, तेव्हा पाणी किनारा सोडून पश्चिमेकडे सरकते. पेरूला वारा दक्षिणेकडून येतो आणि पाणी तिथेही पश्चिमेकडेच जाते. मोकळी झालेली जागा भरायला शंभर-दोनशे मीटर खालचे पाणी वर येते. यालाच अपवेलिंग म्हणतात.

खालच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट भरपूर असते, कारण वरून पडलेले सेंद्रिय अवशेष तिथे कुजलेले असतात. त्याच कुजण्यातून कार्बन डायऑक्साइडही साठलेला असतो. पाणी उजेडात आले की दोन क्रिया एकाच वेळी सुरू होतात. जादा कार्बन डायऑक्साइड हवेत निसटू लागतो आणि वनस्पती-प्लवक पोषकद्रव्यांच्या जोरावर वाढून तोच कार्बन स्वतःच्या शरीरात बांधू लागतात. या शर्यतीत कोण पुढे राहते, ते जागेनुसार बदलते. पेरूचा किनारा वर्षभर कार्बन डायऑक्साइड सोडतो, असे मोजमापांतून दिसले आहे. उलट अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावर अपवेलिंगच्या हंगामात समुद्र तो जोराने शोषताना आढळला. वर आलेले पाणी प्लवकांना किती दिवस मिळते, त्यात लोह किती आहे, पाणी किती लवकर तापते, अशा अनेक गोष्टींवर हा निकाल अवलंबून असतो. पाणी किनाऱ्यापाशी किती काळ टिकते हा त्यातला कळीचा घटक आहे, आणि भोवऱ्यांचा संबंध नेमका तिथे येतो.

भोवरे दिसू लागले

समुद्राचे प्रवाह म्हणजे संथ, रुंद नद्या, असे चित्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रचलित होते. सोव्हिएत संशोधकांची १९७० मधली ‘पॉलिगॉन’ मोहीम आणि अमेरिका-ब्रिटन यांची १९७३ मधली ‘मोड’ मोहीम यांनी ते मोडले. समुद्राच्या हालचालीतली बरीचशी ऊर्जा सरासरी प्रवाहांत नसून दहा ते दोनशे किलोमीटर व्यासाच्या, आठवडे ते महिने टिकणाऱ्या भोवऱ्यांत असते, हे तेव्हा स्पष्ट झाले. १९९२ मध्ये ‘टोपेक्स-पोसायडन’ उपग्रह सोडला गेला आणि समुद्रपृष्ठाची उंची काही सेंटिमीटरच्या अचूकतेने मोजता येऊ लागली. भोवऱ्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग काही सेंटिमीटरपासून काही डझन सेंटिमीटरपर्यंत उचलला किंवा दबला जातो, म्हणून ते आकाशातून ओळखता येतात. डडली चेल्टन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सोळा वर्षांच्या नोंदींतून सोळा आठवड्यांहून जास्त जगलेले सुमारे ३५ हजार भोवरे मोजून दाखवले. ते बहुतेक पश्चिमेकडे, दिवसाला काही किलोमीटर या गतीने सरकतात.

अपवेलिंगचे चारही पट्टे महासागरांच्या पूर्व कडेला आहेत, म्हणजे पश्चिमेकडे सरकणारा भोवरा तिथे किनारा सोडून खुल्या समुद्राकडेच निघतो. किनाऱ्यालगतचे थंड पाणी आणि बाहेरचे उबदार पाणी यांच्यातला घनतेचा फरक हेच त्याच्या जन्माचे कारण असते. प्रवाह वाकतो, वळसे घेतो आणि वळसा तुटून वेगळा होतो. किनाऱ्याखालून ध्रुवाकडे वाहणारा एक खोल प्रवाहही असतो. त्याच्यापासून तुटलेले भोवरे पृष्ठभागाखाली राहतात आणि उपग्रहाला नीट दिसत नाहीत.

तीन प्रकार लक्षात ठेवले की पुढची चर्चा समजायला सोपी जाते. उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट फिरणारा चक्रावर्ती भोवरा थंड पाण्याचे थर वर उचलतो, तर घड्याळाच्या दिशेने फिरणारा प्रतिचक्रावर्ती भोवरा ते खाली दाबतो. दक्षिण गोलार्धात फिरण्याची दिशा उलटते, परिणाम तेच राहतात. तिसरा प्रकार फिरतो प्रतिचक्रावर्तासारखा, पण त्याच्या पोटात एकसारख्या पाण्याचा जाड थर असतो. त्यामुळे वरचे थर उचलले जातात आणि खालचे दबतात. भोवऱ्यांशिवाय थंड पाण्याचे अरुंद, शेकडो किलोमीटर लांब पट्टेही किनाऱ्यापासून बाहेर झेपावतात. त्यांना फिलामेंट म्हणतात. बहुतेकदा ते दोन भोवऱ्यांच्या फटीतून निघतात, म्हणून दोघांचे काम वेगळे करून मोजणे अवघड जाते.

सुपीक करणारे भोवरे

भोवरे आणि जीवसृष्टी यांच्या चर्चेची सुरुवात किनाऱ्यावर झाली नाही, ती खुल्या समुद्राच्या ओसाड भागात झाली. सारगासो समुद्रात मोजलेली प्लवकांची नवी वाढ तिथल्या ज्ञात पोषकपुरवठ्यापेक्षा जास्त निघत होती. ही तूट भरते कुठून? डेनिस मॅक्गिलिकडी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले की भोवरे नायट्रेटचे थर वर उचलून उजेडात आणतात आणि त्यातून तुटीचा मोठा भाग भरून निघू शकतो. पुढे वारा आणि भोवरा यांच्या परस्पर क्रियेतूनही पाणी उचलले जाते, असे २००७ मध्ये पुढे आले.

यावर आक्षेप आले आणि ते वजनदार होते. उचललेला थर भोवरा ओसरताच पुन्हा खाली जातो आणि त्यातले नायट्रेट पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो, असा मुद्दा आन्द्रेआस ओश्लिस यांनी मांडला. मग भोवऱ्यांचा पुरवठा सुरुवातीच्या अंदाजाइतका मोठा राहत नाही. हवाईजवळच्या एका थंड भोवऱ्याच्या सविस्तर अभ्यासात दुसरी अडचण दिसली. डायॅटम नावाचे प्लवक भरघोस वाढले, त्यांच्या सिलिकायुक्त कवचांचा वर्षाव खाली वाढला, पण कार्बनचे उतरणे त्या प्रमाणात वाढले नाही. प्लवक वाढले म्हणजे कार्बन उतरला, हे समीकरण तिथेच सैल झाले. भोवऱ्यांवरचे बरेच लेखन आजही उपग्रहाने मोजलेल्या हरितद्रव्यावर थांबते, म्हणून हा धडा ध्यानात ठेवायला हवा. हरितद्रव्य वाढले की नाही हे उपग्रह सांगतो. तो कार्बन शंभर मीटर खाली गेला की वरच कुजून परत हवेत गेला, हे त्याला कळत नाही.

किनाऱ्यावर हिशेब उलटला

ओसाड समुद्रात भोवरे सुपीकता वाढवतात, तर अपवेलिंगच्या सुपीक पट्ट्यातही वाढवत असतील, असे मानणे साहजिक होते. व्हिन्सेंट रॉसी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये बेंगुएला (नामिबिया-दक्षिण आफ्रिका) आणि कॅनरी (वायव्य आफ्रिका) या पट्ट्यांच्या उपग्रहनोंदी तपासल्या, तेव्हा उलट चित्र दिसले. पाण्याची आडवी घुसळण जिथे जास्त, तिथे हरितद्रव्य कमी होते. २०११ मध्ये निकोलास ग्रूबर आणि सहकाऱ्यांनी संगणकीय प्रारूपातून त्याची कारणमीमांसा दिली. भोवरे असलेला आणि भोवरे दडपलेला समुद्र त्यांनी शेजारी ठेवून पाहिला. भोवरे काढून टाकले की किनाऱ्याजवळची उत्पादकता वाढली.

कारण असे की वर आलेली पोषकद्रव्ये प्लवकांनी पुरती वापरण्याआधीच भोवरे ती बाहेर नेतात, आणि नेताना उताराच्या थरांवरून खालीही सरकवतात. भरलेल्या वाफ्याचा बांध फुटून पाणी शेजारच्या कोरड्या वाफ्यात जावे, तसे हे आहे. ज्याचा वाफा रिता झाला त्याला तोटा दिसतो, शेजाऱ्याला नफा. ‘भोवरे सुपीक करतात’ आणि ‘भोवरे सुपीकता घटवतात’ ही दोन विधाने परस्परविरोधी म्हणून पुष्कळदा उद्धृत होतात. मला ती विरोधी वाटत नाहीत. दोन्ही गटांनी हिशेबाची चौकट वेगवेगळ्या जागी आखली आहे. सारगासोचा अभ्यासक पोषकद्रव्ये येताना पाहतो, कॅलिफोर्नियाचा अभ्यासक जाताना पाहतो.

या भूमिकेच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. भोवरे दडपलेला समुद्र निसर्गात कुठेही नाही, म्हणून हा निष्कर्ष प्रारूपाबाहेर थेट पडताळता येत नाही. शिवाय भोवरे दडपले की किनाऱ्याजवळची थरांची रचनाही बदलते. मग दिसलेल्या फरकातला किती भाग पोषकद्रव्यांच्या गळतीचा आणि किती बदललेल्या थरांचा, हे सुटे करणे कठीण होते.

गेलेला कार्बन

पुढचा प्रश्न ओघाने आला. किनाऱ्यावरून निघालेला कार्बन कुठे पोचतो? ताकेयोशी नागाई, ग्रूबर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये कॅलिफोर्नियासाठी दाखवले की पोषकद्रव्ये आणि सेंद्रिय कार्बन बाहेर नेण्यात भोवरे आणि फिलामेंट यांचा वाटा प्रमुख आहे. एलिसा लोव्हेक्किओ आणि सहकाऱ्यांनी कॅनरी पट्ट्यात हाच माग पुढे काढला. त्यांच्या प्रारूपात किनाऱ्याचा सेंद्रिय कार्बन हजार किलोमीटरहून दूर, उत्तर अटलांटिकच्या ओसाड मध्यापर्यंत पोचतो. पहिला टप्पा फिलामेंट पार करतात आणि पुढचे ओझे चक्रावर्ती भोवरे वाहतात.

याचा परिणाम किनाऱ्यापुरता राहत नाही. खुल्या समुद्राच्या काही भागांत जिवाणू आणि प्राणी-प्लवक जेवढे सेंद्रिय द्रव्य खर्च करतात, तेवढे तिथे तयार होते का, यावर समुद्रशास्त्रात दीर्घकाळ वाद आहे. बाहेरून आलेला कार्बन ही तूट भरत असेल, तर तो वाद काही अंशी सुटतो. अर्थात मोजलेली तूट खरी की मोजण्याच्या पद्धतीची, हा वाद त्यानेही पूर्ण मिटत नाही.

हा झाला आडवा मार्ग. दुसरा मार्ग उभा, म्हणजे खाली जाणारा आहे. प्लवकांचे अवशेष स्वतःच्या वजनाने बुडतात, ही नेहमीची वाट. भोवऱ्यांच्या कडेला दोन पाण्यांची सीमा तीव्र झाली की वरचे पाणीच, आतल्या तरंगत्या कणांसह आणि विरघळलेल्या द्रव्यासह, खालच्या थरांत घसरते. मेलिसा ओमंड आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये उत्तर अटलांटिकच्या वसंतातल्या बहराच्या नोंदींवरून असा अंदाज दिला की सुपीक उपध्रुवीय समुद्रांत वसंतात उतरणाऱ्या कार्बनपैकी निम्म्यापर्यंत भाग या वाटेने जात असावा. कॅलिफोर्नियासमोरच्या एका अशाच सीमेवर मायकल स्टकेल आणि सहकाऱ्यांनी मोजमापे घेतली आणि २०१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. सीमेवर कणांचे बुडणे आसपासच्या पाण्याच्या सुमारे दुप्पट होते आणि घसरणाऱ्या पाण्याबरोबर आणखी कार्बन खाली जात होता.

इथेही दुसरी बाजू आहे आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. लॉर रेस्प्लांडी, मरिना लेव्ही आणि मॅक्गिलिकडी यांनी २०१९ मध्ये प्रारूपातून दाखवले की ही घसरण जागच्या जागी जोरदार असली, तरी मोठे क्षेत्र आणि पूर्ण वर्ष धरले तर तिचा वाटा अल्प उरतो. जे पाणी एका जागी खाली जाते, त्याच्या बदल्यात दुसरीकडे पाणी वर येते आणि त्यातही कार्बन असतो. मोहिमांची जहाजे मात्र घसरण जिथे दिसते तिथेच जातात. या वादात मोजमापे चुकीची आहेत असे कुणीही म्हणत नाही. एका आठवड्याच्या मोजमापावरून वर्षाचा हिशेब मांडता येतो का, हा मतभेदाचा मुद्दा आहे. मला तरी तसा तो मांडता येईल असे वाटत नाही.

भोवऱ्याच्या पोटात

आतापर्यंत भोवरा वाहक म्हणून आला. तो बंदिस्त जागाही आहे. किनाऱ्याचे पाणी पोटात घेऊन तो महिनोन्महिने फिरतो, आणि त्या काळात आत पुष्कळ काही बदलते. केप व्हर्देच्या निरीक्षण-केंद्राच्या नांगरलेल्या उपकरणांनी उष्णकटिबंधीय उत्तर अटलांटिकमध्ये असे भोवरे टिपले. योहान्स कार्स्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ते वृत्त दिले तेव्हा बऱ्याच जणांना धक्का बसला. त्या भागात प्राणवायू किलोग्रॅमला साधारण ४० मायक्रोमोलच्या खाली जात नाही असे मानले जात होते. या भोवऱ्यांत, पृष्ठभागापासून शंभर मीटरच्या आतच, तो जवळजवळ संपला होता. वर प्लवकांची भरभराट, खाली कुजणाऱ्या अवशेषांनी प्राणवायू संपवलेला आणि फिरत्या कडेमुळे ताजे पाणी आत येणे दुरापास्त, अशी ती अवस्था होती. ब्योर्न फीडलर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अशा एका भोवऱ्यात कार्बनचे खाली जाणे आसपासच्या पाण्याच्या दोन ते तीन पट असल्याचे दाखवले.

पेरूसमोरच्या भोवऱ्यांत प्राणवायूच्या अभावी जिवाणू नायट्रेटवर श्वसन करतात आणि नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो. तो गेला की पुढच्या वाढीचे खत कमी झाले. म्हणजे भोवरा आज कार्बन वेगाने उतरवतो आणि उद्याची उतरवण्याची क्षमता घटवतो. या दोन परिणामांचे गणित एकत्र मांडणारे काम अजून थोडे आहे. जर्मन संशोधनसंस्थांनी वायव्य आफ्रिकेसमोर एकच भोवरा धरून जहाजे, मानवरहित ग्लायडर आणि तरंगती यंत्रे यांनी त्याचा पाठलाग करण्याच्या मोहिमा अलीकडच्या वर्षांत काढल्या आहेत. या विषयाला सर्वांत जास्त गरज आहे ती अशा कामाची.

हवा आणि पाणी यांच्यातल्या थेट देवाणघेवाणीबद्दल थोडक्यात सांगता येते, कारण तिथे अजून ठाम सूत्र हाती आलेले नाही. थंड भोवऱ्यातले पाणी थंड असल्यामुळे वायू जास्त धरते, पण त्याने खालून कार्बनही आणलेला असतो. उबदार भोवऱ्याचे याच्या उलट असते. कुठला परिणाम वरचढ ठरेल, ते भोवऱ्याचे वय, ऋतू आणि वारा यांवर बदलते. दक्षिण अटलांटिकमधल्या अगुल्हास भोवऱ्यांच्या अभ्यासांत ते हवेतला कार्बन शोषताना आढळले आहेत. तोच निष्कर्ष अपवेलिंगच्या पट्ट्यांना लावायला आधार नाही.

अरबी समुद्राचा वेगळा खटला

वरची सगळी चर्चा चार पूर्व-कडांभोवती फिरते. अरबी समुद्र त्या साच्यात बसत नाही. इथे मुख्य अपवेलिंग पश्चिम कडेला, सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावर होते, आणि ते नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काही महिन्यांपुरते असते. सोमालियासमोर दरवर्षी ‘ग्रेट व्हर्ल’ नावाचा चारशे-पाचशे किलोमीटरचा प्रतिचक्रावर्ती भोवरा उभा राहतो. अलेक्झांडर फिंडले यांनी १८६६ मध्येच त्याचे वर्णन केले होते. त्याच्या कडेने थंड, पोषक पाणी किनारा सोडून दूर ओढले जाते. ओमानच्या किनाऱ्यावरून निघणारे फिलामेंट हेच काम उत्तरेकडे करतात. लॉर रेस्प्लांडी आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधल्या अभ्यासानुसार अरबी समुद्राच्या मध्यभागाला नैर्ऋत्य मोसमी काळात पोषकद्रव्ये पुरवण्यात भोवऱ्यांच्या आडव्या वाहतुकीचा मोठा हात आहे.

या मोसमी घडामोडींचा खोल पाण्यातला पुरावा इकडच्या संशोधकांनी आधीच गोळा करायला घेतला होता. गोव्यात दोना पावला इथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हँबुर्ग विद्यापीठ यांनी १९८६ पासून अरबी समुद्राच्या पश्चिम, मध्य आणि पूर्व भागांत खोलवर गाळसापळे लावले. वरून पडणाऱ्या कणांचा ओघ मोसमी वाऱ्यांबरोबर वाढतो, हे त्यातून १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या नोंदींत भोवऱ्यांचा वेगळा हिशेब नव्हता आणि तेव्हा तो शक्यही नव्हता. आज मात्र १९९० च्या दशकापासूनच्या उपग्रहनोंदी त्यांच्या शेजारी ठेवून पाहता येतात.

प्राणवायूच्या बाबतीत अरबी समुद्र आणखी एक विरोधाभास पुढे आणतो. इथे साधारण १५० ते १००० मीटरच्या थरात प्राणवायू जवळजवळ नाही. केप व्हर्देच्या भोवऱ्यांवरून वाटेल की भोवरे ही अवस्था बिघडवत असतील. झौहैर लाशकर आणि सहकाऱ्यांचे २०१६ चे प्रारूप उलट सांगते. भोवरे कडेचा प्राणवायू आत मिसळतात, आणि ते नसते तर नायट्रेटवरचे श्वसन आणखी पसरले असते. एकटा भोवरा स्वतःच्या पोटातला प्राणवायू संपवतो, पण अनेक भोवऱ्यांची एकत्र घुसळण मोठ्या क्षेत्राला तो पुरवते. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. एकीचा निष्कर्ष दुसरीवर लादला की गोंधळ होतो.

भारताच्या पश्चिम किनाऱ्याची गोष्ट याहून निराळी. केरळपासून गोव्यापर्यंत पावसाळ्यात अपवेलिंग होते, पण केवळ स्थानिक वाऱ्याने नाही. बंगालच्या उपसागरातून भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालून येणाऱ्या किनारी लाटाही त्याला कारण असतात. वर पाऊस आणि नद्यांचे गोडे पाणी पसरल्यामुळे खालून आलेले पाणी झाकले जाते आणि त्याला हवा मिळत नाही. पावसाळा सरताना गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात खालच्या पाण्यातला प्राणवायू संपून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये याच भूखंडमंचावरून नायट्रस ऑक्साइडचे मोठे उत्सर्जन होत असल्याचे दाखवले. तापमानवाढीच्या दृष्टीने तो वायू कार्बन डायऑक्साइडहून कितीतरी पट प्रभावी आहे. दक्षिणेला लक्षद्वीपजवळ हिवाळ्यात पाणी उंचावते आणि पावसाळ्यात दबते. या उंचावण्या-दबण्याचे गतिशास्त्र डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी १९९७ मध्ये गोव्यातूनच उलगडले. पण त्या हालचाली आणि लहान भोवरे मिळून आपल्या भूखंडमंचावरचा कार्बन खोल पाण्यात किती नेतात, याचा सर्व ऋतूंचा हिशेब अजून मांडला गेलेला नाही.

काय अजून सुटलेले नाही

पहिला अनिर्णित मुद्दा खोलीचा. शंभर मीटर खाली गेलेला कार्बन पुढच्या हिवाळ्यातच घुसळून वर येऊ शकतो. हजार मीटरखाली गेलेला शंभर वर्षे किंवा त्याहून जास्त काळ हवेपासून दूर राहतो. भोवऱ्यांबरोबर घसरलेले पाणी बहुधा काहीशे मीटरवरच थांबते, म्हणून ‘किती उतरला’ याबरोबर ‘किती काळ राहिला’ हे सांगितल्याशिवाय कोणताही आकडा अपुरा आहे. प्रकाशित अभ्यासांत हा दुसरा आकडा क्वचित दिसतो.

दुसरा मुद्दा आकारमानाचा. हवामानाच्या प्रचलित प्रारूपांपैकी बहुतेकांत समुद्राची चौकट सुमारे शंभर किलोमीटरची असते. त्यात भोवरे मावत नाहीत, म्हणून पीटर जेंट आणि जेम्स मॅक्विल्यम्स यांनी १९९० मध्ये सुचवलेल्या पद्धतीसारख्या सूत्रांनी त्यांचा सरासरी परिणाम घातला जातो. उष्णता आणि क्षार यांच्यासाठी घडवलेले हे सूत्र प्लवक आणि कार्बन यांना कितपत लागू पडते, यावर मतभेद आहेत. भोवऱ्यांहून लहान, एक ते दहा किलोमीटरच्या हालचालींतच पाणी वेगाने वर-खाली होते, आणि त्या तर बहुतेक प्रादेशिक प्रारूपांतूनही निसटतात. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला ‘स्वॉट’ उपग्रह त्यांतल्या मोठ्या हालचाली प्रथमच जगभर दाखवू लागला आहे. पृष्ठभागाखालचे भोवरे मात्र त्यालाही धड दिसत नाहीत.

तिसरा मुद्दा भविष्याचा. तापमान वाढले की जमीन समुद्रापेक्षा जास्त तापेल, किनारी वारे जोर धरतील आणि अपवेलिंग वाढेल, असे अँड्र्यू बाकुन यांनी १९९० मध्ये सुचवले. नंतरच्या नोंदींनी त्याला काही पट्ट्यांत दुजोरा दिला, सर्वत्र नाही. दुसरीकडे, १९९३ पासूनच्या उपग्रहनोंदींत भोवऱ्यांनी आधीच गजबजलेल्या समुद्रभागांत त्यांची ऊर्जा वाढताना दिसते आहे. वारा वाढून पोषकद्रव्ये जास्त आली, पण भोवऱ्यांनी ती जास्त वेगाने बाहेर नेली, तर किनाऱ्याच्या मासळीचे काय होईल याचे उत्तर आज कुणाजवळ नाही. तापलेला वरचा थर घट्ट बसून दोन्ही परिणाम बोथट करेल, अशीही शक्यता आहे.

मला या साऱ्यात सर्वांत मोठी त्रुटी ऋतूची वाटते. खवळलेल्या समुद्रात जहाज नेता येत नाही, म्हणून भोवऱ्यांची बहुतेक मोजमापे शांत महिन्यांतली आहेत. अरबी समुद्रात तर अपवेलिंग आणि पावसाळा एकाच वेळी येतात. जून ते सप्टेंबर या काळात, ज्या काही आठवड्यांत सगळा हिशेब ठरतो, तेव्हाच नोंदी सर्वांत विरळ असतात. कार्बन, नायट्रेट आणि प्राणवायू मोजणारी तरंगती यंत्रे आणि ग्लायडर हे काम माणसाशिवाय करू शकतात. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे आणि हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडे त्यासाठी लागणारा अनुभव आहे. कोकण-गोवा किनाऱ्यासमोर अशी यंत्रे सलग काही वर्षे, विशेषतः पावसाळ्यात, पाण्यात ठेवावीत आणि त्यांच्या नोंदी सर्वांना खुल्या कराव्यात.